स्वस्त मालाची छाट कुणाच्या मजुरीतून?



गोंदिया जिल्ह्यातल्या बिडी वळणाऱ्या बाईला ‘छाट’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. पाने भिजवून, फर्म्याने कापून, तंबाखू भरून, वळून, धागा बांधून तिने हजार बिड्या सट्टेदाराकडे नेल्या की तो त्यातल्या काही उचलून बाजूला टाकतो. ही पातळ, ती ढिली, हिचे पान फाटके. बाजूला टाकलेल्या बिडीला मजुरी नाही. पण ती बिडी बाईला परतही मिळत नाही. ती सट्टेदाराकडेच राहते आणि बरेचदा पुढे विकलीही जाते. छाट पडते ती फक्त तिच्या मजुरीला.

आज मोठे मार्ट, ऑनलाइन कंपन्या आणि नामांकित ब्रँड आपल्या छोट्या पुरवठादारांशी जे वागतात ते हेच आहे. ‘आमचा भाव एवढाच. परवडत असेल तर द्या, नाहीतर दारात दुसरा उभा आहे.’ मग खराब मालाची कपात, परत आलेल्या मालाची कपात, सणाच्या ऑफरमध्ये पुरवठादाराचा वाटा म्हणून कपात. नावे इंग्रजी आहेत, बिलावर छापून येतात, म्हणून ती प्रतिष्ठित दिसतात. आपण त्यांना आपल्या शब्दाने ओळखले पाहिजे. ही छाट आहे.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. मालाचा भाव जो ठरवतो, मजुरीची जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडली पाहिजे. हे काही नवे तत्त्व नाही. बिडी कामगारांच्या लढ्यातून ते या देशाच्या कायद्यात एकदा आले आहे. आज ते मार्टला लागू करण्याची मागणी आंबेडकरी चळवळीने केली पाहिजे, कारण ही छाट शेवटी जिथे येऊन पडते तिथे आपलीच माणसे बसलेली आहेत.

पाच टक्क्यांची कपात तीस टक्के कशी होते?

आधी हिशोब समजून घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण गणित खरे आहे. समजा मार्ट एक शर्ट १९९ रुपयांना विकते आणि शिवून देणाऱ्या छोट्या कारखान्याला १२० रुपये देते. त्या १२० पैकी कापड, धागा, बटणे, वीज, जागेचे भाडे आणि ट्रकचे भाडे यांत १०० रुपये जातात. उरलेल्या २० रुपयांत शिवणाऱ्यांची मजुरीही आली आणि मालकाची कमाईही आली. आता मार्ट म्हणते, यंदा पाच टक्के कमी करा. पाच टक्के म्हणजे सहा रुपये. ऐकायला किरकोळ वाटते.

हे सहा रुपये कुठून येणार? कापडगिरणी छोट्या कारखान्यासाठी भाव उतरवत नाही. वीज कंपनी बिल माफ करत नाही. डिझेलचा दर त्याच्या हातात नाही. हात पोचतो तो फक्त त्या २० रुपयांपर्यंत. २० मधले सहा गेले म्हणजे तीस टक्के गेले. मार्टच्या दृष्टीने पाच टक्के असलेली कपात कारखान्याच्या आत पोचेपर्यंत तीस टक्के झाली. मग कायम कामगार काढून ठेकेदाराचे कामगार घेतले जातात. आठ तासांचे दहा तास होतात. भविष्यनिर्वाह निधीच्या यादीतून नावे गळतात. शेवटी काम कारखान्याबाहेर, घराघरांत पाठवले जाते, कारण घरात बसलेल्या बाईच्या कामाचे तास कोणी मोजत नाही. एवढे करूनही जमले नाही तर कारखाना बंद पडतो आणि मार्ट दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या देशातून माल उचलते.

अमेरिकेत हेच झाले. वॉलमार्टच्या ‘रोज कमी भाव’ या धोरणापुढे तिथले पुरवठादार टिकेनात आणि उत्पादन चीनकडे सरकले. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेच्या २०१५ च्या अंदाजानुसार, चीनमधून वॉलमार्टने केलेल्या आयातीमुळे २००१ ते २०१३ या काळात अमेरिकेतल्या चार लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. त्याच वॉलमार्टने २०१८ मध्ये १६ अब्ज डॉलर मोजून आपल्याकडच्या फ्लिपकार्टमधला ७७ टक्के हिस्सा घेतला. तेव्हा हा प्रश्न आता सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही.

काम जिथे सरकते तिथले लोक तरी सुखी होतात का? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक कामगार ढिगाऱ्याखाली मेले. त्यात बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्या युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठी कपडे शिवत होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. तरीही त्यांना आत पाठवले गेले, कारण ऑर्डरची तारीख टळून चालणार नव्हती. स्वस्त शर्टाची किंमत कोणीतरी चुकवतच असते. ती दुकानातल्या पावतीवर दिसत नाही एवढेच.

बिडीने शिकवलेला धडा

आता गोंदियाकडे येऊ. १ मे १९९९ पर्यंत हा जिल्हा भंडाऱ्याचाच भाग होता. जंगलात तेंदूपान, गावात कसायला जमीन नसलेली माणसे आणि मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचे जंक्शन. बिडी कारखानदारीला आणखी काय हवे होते? पण कारखानदारांनी कामगार कारखान्यात बसवलेच नाहीत. मध्ये सट्टेदार उभा केला. पान आणि तंबाखू त्याच्याकडे द्यायचे, तयार बिडी त्याच्याकडून घ्यायची, भाव आपण ठरवायचा आणि मजुरीचे विचारले की म्हणायचे, ‘ती बाई आमची कामगार नाही, सट्टेदाराला विचारा.’

हा डाव कोर्टातही चालला. १९५८ मध्ये मध्य प्रदेशातल्या चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार आहे, कारखाना कायद्याच्या अर्थाने तो कारखानदाराचा कामगार नव्हे. सट्टेदारच कामगार नाही, तर त्याच्याकडून पान-तंबाखू नेऊन घरी बिड्या वळणारी बाई कुठे राहिली? कारखानदाराच्या वहीत ती नव्हतीच.

हे दार बंद केले १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. घरी बसून बिडी वळणाऱ्याला त्याने कामगार मानले, आणि मध्ये कितीही ठेकेदार असले तरी ज्याच्यासाठी बिडी बनते तो ‘मूळ मालक’ जबाबदार, असे लिहून ठेवले. छाटीचे भांडणही त्याने कायद्याच्या कक्षेत आणले आणि नियमांनी तिला मर्यादा घातली. मालक मंडळी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

अंमलबजावणी किती झाली हे बिडी वळणाऱ्या कोणत्याही घरात जाऊन विचारा. ओळखपत्रासाठी किती हेलपाटे, निधीच्या खात्यात किती भरणा, कमी दिलेल्या पानाची भर कुणाच्या पदरातून. पण तत्त्व सिद्ध झाले होते. पुरवठ्याच्या साखळीत कितीही कड्या असोत, भाव ठरवणारा हात शोधून काढता येतो आणि त्याला कायद्याने बांधता येते. मग बिडीच्या कारखानदाराला जे लागू झाले, ते शर्ट, चप्पल, पापड, अगरबत्ती, तांदूळ विकत घेणाऱ्या मार्टला का लागू होऊ नये?

राज्यकर्ते मात्र उलट्या दिशेने निघाले आहेत. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बिडीवरचा कल्याण उपकर रद्द झाला. १९७६ पासून त्या उपकरातून बिडी कामगारांचे दवाखाने, घरकुले आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत होत्या. आता त्यासाठी सरकारच्या मर्जीकडे पाहावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा स्वतंत्र कायदा एका मोठ्या संहितेत विरघळला. जिच्या नावाचा कायदा होता, तिच्या वाट्याला आता काही कलमे उरली आहेत.

छाट नेमकी आपल्याच वाट्याला का येते?

काही डावे मित्र म्हणतील, हा भांडवलशाहीचा प्रश्न आहे, यात जात कशाला आणता? १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी बजावले होते. त्याआधी १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात त्यांनी संपनेत्यांना विचारले होते की जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला का घेतले जात नाही. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो, हे कारण होते. म्हणजे कापड त्याच गिरणीचे, मालक तोच, पण कोणत्या कामगाराला कोणती मजुरी हे जात ठरवत होती.

विदर्भातला आपला समाज तर कापड विणणाराही होता. महारांच्या मागावरचे जाडेभरडे कापड गावोगाव खपत असे. गिरणीचे स्वस्त कापड आले आणि हे माग थांबले. स्वस्त मालाने आपल्या हातातले कसब काढून घेतले, त्या बदल्यात गिरणीतले सर्वांत हलके काम आणि बिडीचे सूप दिले. आज मार्टच्या मालाची साखळी उलट दिशेने चालत गेलात तर शेवटच्या कडीला कोण भेटते? बौद्ध, आदिवासी, मुस्लिम आणि कारागीर जातींच्या बायका. जमीन नाही, भांडवल नाही, गावाबाहेर ओळख नाही, म्हणून त्या सर्वांत कमी भावाला ‘हो’ म्हणतात. त्यांना ‘नाही’ म्हणण्याची ताकद मिळू नये, हेच जातिव्यवस्थेचे हजारो वर्षांचे काम होते. मार्टला ही स्वस्त मजुरी आयती मिळाली आहे.

या लढाईची सुरुवातही आपल्याच माणसांनी केली. ‘जयभीम’ हा अभिवादनाचा शब्द आपल्याला देणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. हे बिडी मजुरांचे संघटक होते. ठेकेदाराच्या तावडीतून सुटण्यासाठी बिडीचे काम सहकारी पद्धतीने चालवण्याचा प्रयत्न त्यांनी केला. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते कायदेमंडळात निवडून गेले आणि १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिशीत, वारले. आपण रोज त्यांचा शब्द उच्चारतो आणि त्यांचे काम विसरतो.

आणि बाबासाहेब? मजूर खाते सांभाळत असताना एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्याची मूळ अनुसूची उघडून पाहा. दुसऱ्या क्रमांकावर भात गिरण्या, तिसऱ्या क्रमांकावर बिडी. गोंदियाचे दोन्ही मुख्य धंदे देशाच्या पहिल्या किमान वेतन कायद्यात सुरुवातीलाच आहेत. १९५४ मध्ये ज्या भंडाऱ्यातून बाबासाहेब पोटनिवडणूक लढले आणि ज्या भंडाऱ्याने त्यांना हरवले, त्याच मातीतल्या मजुरांची नोंद त्या यादीत आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: स्वस्त माल गरिबालाच मिळतो, तुम्ही त्याच्या पोटावर का उठता? स्वस्ताईचा फायदा गरिबाला होतो हे खरे आहे. पण गरीब माणूस महिन्यातून एकदा शर्ट घेतो आणि महिन्याचे पंचवीस दिवस मजुरी करतो. खरेदीत त्याचे वीस रुपये वाचले आणि मजुरीत रोजचे वीस रुपये गेले, तर तो कमावता झाला की गमावता? शिवाय भाव पाडून मिळालेले सगळे पैसे ग्राहकाच्या खिशात जातात असे कोण म्हणतो? मार्टचा नफाही त्यातूनच निघतो.

दुसरा आक्षेप: सरकारने अटी घातल्या आहेत. २०१२ मध्ये परदेशी मार्टना परवानगी देताना ३० टक्के खरेदी देशातल्या लघुउद्योगांकडून करण्याची अट घातली गेली. माल कुणाकडून घ्यायचा हे त्या अटीत आहे, कोणत्या भावाने घ्यायचा हे नाही. २००६ च्या लघुउद्योग कायद्याने ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले, उशीर झाल्यास जबर व्याज लावले. तेही उशिराबद्दल आहे, भावाबद्दल नाही. आणि तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद, हे माहीत असलेला छोटा कारखानदार तक्रार करतो कुठे?

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातला आहे: ‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा.’ दलित उद्योजक घडावेत, जरूर घडावेत. पण मार्टला माल देणारा दलित उद्योजकही त्या २० रुपयांतच अडकलेला असतो. त्याला टिकायचे असेल तर आपल्याच बहिणीची मजुरी कापावी लागेल. केंद्र सरकारच्या खात्यांना आणि कंपन्यांना २०१२ च्या खरेदी धोरणाने अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे लक्ष्य दिले आहे. खासगी मार्टवर तेवढेही बंधन नाही. भावाचा प्रश्न बाजूला ठेवून उद्योजकतेची भाषणे ठोकणे म्हणजे आपल्या पोरांना सट्टेदार व्हायला शिकवणे आहे.

मग करायचे काय?

मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, ठरावीक उलाढालीच्या वरच्या प्रत्येक मार्टला, ऑनलाइन कंपनीला आणि ब्रँडला त्याच्या पुरवठा साखळीतल्या किमान वेतनासाठी आणि भविष्यनिर्वाह निधीसाठी मूळ मालकाप्रमाणे जबाबदार धरावे. दोन, खरेदीच्या करारात मजुरीचा खर्च वेगळा लिहावा आणि त्या रकमेवर घासाघीस करण्यास बंदी असावी. तीन, कपातींना छाटीसारखीच लेखी कारणाची आणि मर्यादेची अट असावी. चार, पुरवठादारांची यादी जाहीर करावी.

हे अशक्य नाही. राणा प्लाझानंतर २०१३ मध्ये बांगलादेशात कामगार संघटना आणि परदेशी ब्रँड यांच्यात कायदेशीर बंधन असलेला करार झाला. कारखान्याला सुरक्षेचा खर्च परवडेल अशा अटींवर खरेदी करण्याची जबाबदारी त्यात ब्रँडवर टाकली गेली. अकराशे मुडदे पडल्यावर जे मान्य झाले, त्यासाठी आपण आपल्या मुडद्यांची वाट पाहायची का?

दुसरा रस्ता संघटित विक्रीचा. केरळात १९६६ चा कायदा लागू होताच मंगळूरच्या मालकांनी कामे बंद केली आणि हजारो बिडी कामगार रस्त्यावर आले. त्यातून १९६९ मध्ये कन्नूरला दिनेश बीडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. पुढे बिडीचा खप घटू लागल्यावर तिने खाद्यपदार्थ, छत्र्या आणि कपड्यांकडे मोर्चा वळवला. बिडी आरोग्याला घातक आहे, ती उद्या संपली तर कोणी रडू नये. पण ती संपताना वळणारी बाई उघड्यावर पडू नये, हे कन्नूरने करून दाखवले. आणि लांब कशाला जायचे? वनहक्क कायद्यानंतर गोंदिया-गडचिरोलीतल्या ग्रामसभांनी तेंदूपान स्वतः लिलावात विकायला सुरुवात केली. एकेकटा आदिवासी ठेकेदाराच्या भावाला मान डोलावत होता, ग्रामसभा भाव विचारू लागली. पान तेच, जंगल तेच. विकणारा एकटा राहिला नाही, एवढाच फरक.

तरुण मित्रांनो, तुमच्याकडे आज करण्यासारखी तीन कामे आहेत. आपल्या गावातल्या बिडी कामगार बायांची यादी करा आणि ओळखपत्र, मजुरीचा दर, निधीचा भरणा यांची नोंद ठेवा. नोंद असेल तर अर्ज होतो, अर्ज असेल तर मोर्चा होतो. मार्टच्या पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचा. कायद्याने उत्पादकाचे किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता तिथे छापावा लागतो. पुढे मोठ्या ब्रँडचे नाव आणि मागे बारीक अक्षरात एखाद्या तालुक्याच्या गावची गिरणी दिसली की साखळीचे दुसरे टोक सापडले. तिथे हमाल, झाडणाऱ्या बाया आणि ठेकेदाराची पोरे यांना काय मिळते ते विचारा.

तिसरे काम आपल्या घरातले आहे. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या समित्या झेंडे, टी-शर्ट, पंचे, बॅनर किती घेतात याचा हिशोब करा. आपणही मोठे ग्राहक आहोत. आणि आपणही व्यापाऱ्याला म्हणतो, ‘सगळ्यात कमी रेट सांगा.’ बाबासाहेबांचे चित्र असलेला टी-शर्ट कुणाच्या तरी बुडवलेल्या मजुरीवर छापला गेला असेल, तर आपण मिरवणुकीत नेमके काय मिरवतो? या वर्षी प्रत्येक समितीने किमान एक ऑर्डर आपल्या जिल्ह्यातल्या बचत गटाला किंवा सहकारी संस्थेला द्यावी, मजुरी विचारून द्यावी आणि तो दर पावतीवर लिहून घ्यावा. जी अट आपण मार्टवर घालू पाहतो ती आधी स्वतः पाळली, तर तिच्यापुढे उभे राहताना आपला आवाज बसणार नाही.

जयभीम. जय संविधान.